ताप उतरल्यानंतरचे दिवस

मामांच्या हातातून बशी निसटली तेव्हा त्यांचा ताप उतरून नऊ दिवस झाले होते.

पुसदला, घराच्या ओसरीत, सकाळी साडेसहाची वेळ. मामांना चहा बशीत ओतून प्यायची जुनी सवय. बशी डाव्या हातात होती. ती आधी हळूच तिरपी झाली, मांडीवर चहा सांडला, मग बशी फरशीवर पडून फुटली. मामा नुसते बघत राहिले. चटका बसला म्हणून ओरडलेही नाहीत. मामी धावत आली तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि जीभ जड झाली होती.

त्याआधीची कथा कुठल्याही घरातली वाटावी अशी. वय सत्तरीच्या पुढे, प्रोस्टेट वाढलेलं, लघवी अडली म्हणून काही दिवस नळी बसवलेली. नळी काढली आणि हुडहुडी भरून ताप आला. लघवीत इन्फेक्शन निघालं. पाच दिवस सलाईन, इंजेक्शनं, मग घरी. ताप गेला, भूक परतली, गल्लीच्या टोकापर्यंत फेरी सुरू झाली. बीपीची गोळी मात्र तापाच्या दिवसांत मामांनी स्वतःच बंद केली होती. "अंगात त्राण नाही, एवढ्या गोळ्या कायले खाऊ," असं म्हणून. ती पुन्हा सुरू झालीच नाही.

दवाखान्याच्या बाकावर मामी मला एकच प्रश्न विचारत होती. "ताप तं उतरला होता ना रे, मंग हे काहून झालं?"

मी तेव्हा गप्प बसलो. नंतर वाचत गेलो तसं कळलं की तिच्या प्रश्नातच उत्तर होतं. ताप उतरणं आणि शरीरातली धामधूम संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधले काही आठवडे रक्त नेहमीसारखं नसतं.

आपल्याकडे लकवा मारला की कारणं ठरलेली. वारं लागलं, गार पाण्याने आंघोळ केली, डोक्यात विचार फार. डॉक्टर सांगतात ती कारणंही आता बऱ्याच जणांना पाठ आहेत: बीपी, शुगर, तंबाखू, चरबी. ही खरीच आहेत, आणि सगळ्यांत मोठीही हीच आहेत. पण बीपी वीस वर्षं असतं. मग लकवा याच मंगळवारी का आला? त्याच्या आदल्या किंवा पुढच्या वर्षी का नाही? या 'आत्ताच का'चा शोध घेतला की पुष्कळदा मागच्या पंधरवड्यातला न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन किंवा पायाची चिघळलेली जखम सापडते.

या गोष्टीचा भक्कम पुरावा 2004 साली पुढे आला. लंडनच्या लिअम स्मीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या. त्यांची पद्धत मला फार आवडली. आजारी माणसाची तुलना निरोगी माणसाशी केली की नेहमी शंका उरते, कारण आजारी माणूस मुळातच अशक्त, गरीब किंवा व्यसनी असू शकतो. म्हणून त्यांनी प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली. एकाच माणसाच्या आयुष्यातले इन्फेक्शननंतरचे दिवस एका पारड्यात आणि त्याचेच इतर साधे दिवस दुसऱ्या पारड्यात. श्वसनमार्गाच्या इन्फेक्शननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत लकव्याचा धोका एरवीच्या तिपटीहून थोडा अधिक निघाला आणि पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू उतरत गेला. लघवीच्या इन्फेक्शननंतरही धोका वाढलेला होता, पण त्याहून कमी. त्याच अभ्यासात लशीही तपासल्या होत्या. फ्लू, धनुर्वात, न्यूमोकॉकस यांच्या लशींनंतर असा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे दंडावर सुई टोचून शरीराला जेवढं जागं केलं जातं तेवढ्याने हे होत नाही, त्याला खरा आजार लागतो.

श्वसनाच्या आजारांमागे दर वेळी जिवाणूच असतात असं नाही, विषाणूही असतात, हे खरं. पण 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या लकव्याशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते लघवीच्या इन्फेक्शनचं, आणि ते तर बहुतेक वेळा जिवाणूंचंच काम. पहिल्या तीस दिवसांत धोका तिपटीहून जास्त. तो अभ्यास वाचताना मला मामांची नळी आठवली.

आणि कापूस वेचणाऱ्या बायाही आठवल्या. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या कुठल्याही शेतात जाऊन बघा. कमरेला ओटी बांधून सकाळपासून बाया सरीत वाकलेल्या असतात. आडोसा नाही, संडास नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. पाण्याचा डबा धुऱ्यावर तसाच भरलेला राहतो. संध्याकाळी जळजळ होते, त्याला 'उन्हाळी लागली' म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत वेचणीला. विशीतली बाई यातून बरी होते. पण साठीतल्या, शुगर असलेल्या बाईची तीच उन्हाळी मूत्रपिंडापर्यंत चढू शकते, आणि तिला ताप-थंडी येते तेव्हा ते प्रकरण साधं राहिलेलं नसतं.

आता आत काय घडतं ते बघू.

जिवाणू रक्तात किंवा फुप्फुसात शिरले की शरीर दोन आघाड्या उघडतं. एक, त्यांना मारायचं. दुसरी, त्यांना पसरू द्यायचं नाही. ही दुसरी आघाडी म्हणजेच रक्त गोठवणं. जखमेवर खपली धरते ती फक्त रक्त थांबवायला नव्हे, जंतूंची वाट अडवायलाही. म्हणून इन्फेक्शनमध्ये यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं; गुठळीचा दोर याचाच वळला जातो. प्लेटलेट चिकट होतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर, जे एरवी तव्यावर तेल फिरवल्यासारखं गुळगुळीत असतं, ते सुजून खरबरीत होतं.

2004 मध्येच बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार जंतूंशी लढताना स्वतःच्या पोटातला डीएनए बाहेर फेकतो आणि त्याचं जाळं करतो. पूस धरणात भोई जाळं टाकतो ना, अगदी तसं. त्यात जंतू अडकतात. पण जाळ्याला मासा कुठला आणि काडीकचरा कुठला हे कळत नाही. लाल पेशी, प्लेटलेट, फायब्रिनचे धागे सगळंच त्यात गुंतत जातं. पुढे लकव्याच्या रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या तेव्हा त्यांतही या जाळ्याचे तंतू मिळाले.

करोनाच्या काळात हे आपण पाहिलेलं आहे, फक्त नाव वेगळं होतं. 2021 च्या फेब्रुवारीत यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यात रुग्ण पुन्हा उसळले, तेव्हा चहाच्या टपरीवरही 'डी-डायमर किती आला' अशी, रक्त गोठण्याच्या तपासणीची चर्चा चाले. रक्त पातळ करायची इंजेक्शनं का देतात हे शेतकऱ्यालाही कळलं होतं. तो विषाणू होता. पण शरीराची गोठवायची यंत्रणा न्यूमोनियाच्या जिवाणूंसाठीही तीच चालते.

याला बाकीच्या गोष्टी येऊन मिळतात. तापात पाणी कमी पडतं, रक्त दाट होतं. मोठ्या इन्फेक्शनमध्ये हृदयाची लय बिघडून ठोके वेडेवाकडे पडू लागतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त नीट ढकललं जात नाही, साचतं, आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरते. मानेच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं शांत बसलेला चरबीचा थर सुजेमुळे फुटतो. आणि घरोघरी दिसणारी गोष्ट म्हणजे तोंडाला चव नाही म्हणून रोजच्या गोळ्या सुटतात. मामांच्या बाबतीत यातलं नेमकं कोणतं घडलं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या असतील.

तिप्पट हा शब्द ऐकून घाबरायचं मात्र कारण नाही. एखाद्याचा कुठल्याही तीन दिवसांतला धोका समजा दहा हजारात एक असेल तर तो तीन होईल. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला खोकला झाला म्हणून त्याने लकव्याची धास्ती घेऊ नये. प्रश्न ज्यांचा मूळ धोकाच मोठा आहे त्यांचा आहे: वय झालेलं, बीपी, शुगर, आधी एकदा झटका येऊन गेलेला. त्यांच्या घरात ताप म्हणजे नुसता ताप नसतो.

हे झालं काही आठवड्यांचं. जिवाणूंचे काही रस्ते याहून फार लांबचे आहेत, आणि माझ्या मते आपल्याकडे त्यांचीच गोष्ट जास्त सांगायला हवी.

दहा वर्षांच्या मुलीचा घसा दुखतो. स्ट्रेप्टोकॉकस जातीचा जंतू. घसा चारेक दिवसांत आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग तो बरा होऊन घोटा, मग मनगट. सांधे दुखण्याचं वय नाही म्हणून घरचे म्हणतात, खेळताना मुरगळलं असेल. खरं तर जंतूच्या अंगावरचं प्रथिन आणि आपल्या हृदयाच्या झडपेतलं प्रथिन सारखं दिसत असल्याने शरीराने स्वतःच्याच झडपेवर हल्ला सुरू केलेला असतो. सांधे मागे काही न ठेवता बरे होतात, झडप होत नाही. पुन्हा घसा, पुन्हा हल्ला. झडप जाड होत, आकसत जाते. मुलगी लग्न होऊन जाते, बाळंतपणात धाप लागते, आणि तिशी-पस्तिशीत एके दिवशी हृदयाच्या ताणून मोठ्या झालेल्या कप्प्यातली गुठळी सुटून मेंदूत जाते. बीपी नाही, शुगर नाही. मागे आहे तो पंचवीस वर्षांपूर्वीचा घसा.

हे थांबवणारं औषध महागडं नाही. ज्या मुलाला हा संधिवाताचा ताप येऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. दुखतं म्हणून, गाव लांब म्हणून, मूल बरं दिसतं म्हणून ते चुकतं. तांड्यावरून पुसदला यायचं तर आईची एक दिवसाची मजुरी बुडते, हा हिशेब आपण शहरात बसून विसरतो.

दुसरा लांबचा रस्ता टीबीचा. टीबी मेंदूच्या आवरणात गेला की मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट पदार्थ साचतो. आणि मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या नेमक्या त्याच तळातून वर जातात. त्या चिकट साच्यात त्या सुजतात, आकसतात, बंद होतात. डोकेदुखी, उलट्या, बारीक ताप असं दोन-तीन आठवडे चाललेलं असतं आणि अचानक एक बाजू लुळी पडते. तरुण माणसाला, कधी लहान मुलालाही. बाळाला जन्मतः बीसीजी देतात, दंडावर व्रण राहतो, ती लस लहानपणच्या याच भयंकर टीबीपासून बरंच संरक्षण देते.

आणि हिरड्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खर्र्याबद्दल वेगळं सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. हिरड्या मागे सरतात, दातांच्या मुळाशी पू धरतो, ब्रश केला की रक्त येतं. त्या उघड्या जागेतून तोंडातले जंतू दिवसातून कितीदा तरी रक्तात उतरतात. फिनलंडमधल्या टाम्परे इथल्या संशोधकांनी 2019 मध्ये 75 लकवा रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तर त्यांपैकी 79 टक्क्यांत तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंचा डीएनए मिळाला. डीएनए मिळाला म्हणजे गुन्हेगार तोच असं सिद्ध होत नाही, गुठळीने वाटेत त्याला उचललं असंही असेल. पण ज्याच्या हृदयाची झडप आधीच खराब आहे त्याच्या बाबतीत शंकेला जागा नाही. तिथे हे जंतू झडपेवर घर करतात, त्यांचे गठ्ठे तुटून मेंदूत जातात. महिनाभर बारीक ताप, अंग गळालेलं, आणि मग लकवा. असा रुग्ण दात काढायला जाण्याआधी डॉक्टरला झडपेबद्दल सांगत नाही, कारण दाताचा आणि हृदयाचा संबंध त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

आपल्या विदर्भातली एक आकडेवारी इथे ठेवतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद केली, डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी तो अभ्यास 2015 मध्ये मांडला. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने, म्हणजे दर सातातला एक. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण तेच. आणि त्यांतले बहुतेक जण घरीच गेले, रुग्णालयात नाही. याच संस्थेने 1980 च्या दशकात याच भागात बालकांचा न्यूमोनिया गावपातळीवर बरा करून दाखवला होता. न्यूमोनिया अजून गेलेला नाही आणि लकवा येऊन बसला आहे, दोन्ही एकाच कुडाच्या घरात. पण आपल्या दप्तरात मात्र त्यांची वही वेगळी. टीबीचा कार्यक्रम वेगळा, बीपी-शुगरची तपासणी वेगळी. न्यूमोनिया झालेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला सुट्टी देताना 'पुढचे चार आठवडे बीपी बघत राहा' हे वाक्य कुठल्याच वहीत बसत नाही. मला हे खटकतं, आणि हे एक वाक्य लिहायला पैसा लागत नाही म्हणून जास्तच खटकतं.

मग आधीच अँटिबायोटिक घेऊन ठेवलं तर? हे करून पाहिलेलं आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात चार हजारांवर हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिलं, फायदा शून्य. लकवा झाल्यावर न्यूमोनिया होऊ नये म्हणून सगळ्यांनाच आधी अँटिबायोटिक देऊन पाहणारे दोन मोठे प्रयोग, एक नेदरलँड्समधला आणि एक ब्रिटनमधला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही रुग्ण जास्त बरे झाले नाहीत. तेव्हा मेडिकलमधून दोन गोळ्या विकत घेऊन लकवा टळत नाही. झालेलं इन्फेक्शन मात्र लवकर ओळखून, ठरलेले दिवस औषध घेऊन, पुरतं बरं करायला हवं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवसाची पट्टी खिशात ठेवायची नाही.

बीपीची, शुगरची, रक्त पातळ ठेवण्याची गोळी तापात चालू ठेवायची की थोडी थांबवायची हे डॉक्टरला विचारायचं. कधी कधी बीपी फार उतरलेलं असतं तेव्हा डॉक्टर स्वतःच ती काही दिवस थांबवतात, आणि तसं असेल तर पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख त्यांच्याकडून लिहून घ्यायची. मामांच्या कागदावर अशी तारीख नव्हती, कारण गोळी बंद केल्याचं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आणि झालाच लकवा, तर घड्याळ बघायचं. चेहरा वाकडा, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली की मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. पुसदहून यवतमाळ काय, नांदेड काय, शंभर किलोमीटरच्या घरात. त्यात घरी तेल चोळण्यात आणि शेजाऱ्यांचा सल्ला घेण्यात तास गेला तर काय उरतं? मामांची पहिली चाळीस मिनिटं तशीच गेली. मला ते अजून टोचतं.

त्या चाळीस मिनिटांत आणखी एक चूक होता होता राहिली. शेजारच्या काकूंनी मायेनेच तांब्या आणला, "पाणी पाजा त्यांना, घसा कोरडा पडला असंल." लकव्यात गिळायचे स्नायूही लुळे पडू शकतात. मग पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत जातं, आणि फुप्फुसात जिवाणूंना आयतं घर मिळतं. शिवाय मेंदूला मार बसला की शरीराची प्रतिकारशक्तीही काही दिवस मंदावते. म्हणजे इन्फेक्शन लकव्याला वाट करून देतं, आणि लकवा पुन्हा इन्फेक्शनला. लकव्यातून वाचलेली पुष्कळ माणसं पुढे न्यूमोनियाने जातात ती या दुसऱ्या फेरीत. मामीने तांब्या हातात घेतला होता, पण मामांच्या तोंडाच्या कडेने लाळ गळताना दिसली आणि ती थांबली.

आता मामा घरी आहेत. डावा हात अर्धा परत आला आहे. जेवायच्या वेळी मामी त्यांना खाटेवर नाही, खुर्चीवर ताठ बसवते, मागे उशी लावते. पातळ वरण नको, घट्ट. भात मऊसर कालवलेला. एक चमचा, हनुवटी थोडी खाली, गिळला का ते गळ्याकडे बघून घ्यायचं, मग दुसरा. मध्ये बोलायचं नाही, टीव्ही बंद. जेवण झालं की ओल्या फडक्याने दात-हिरड्या पुसायच्या आणि अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. मामा कुरकुरतात, त्यांना लगेच आडवं व्हायचं असतं. मामी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "अजून बारा मिनिटं."